विकतचे म्हातारपण

इंग्रजी लिपीत अक्षरांचे एक घराणे असे आहे, की त्यातले प्रत्येक अक्षर पाटावर बसलेले असते. बाकीच्या बऱ्याच छापील घराण्यांत अक्षराच्या टोकाशी एखादी निमुळती रेघ येते, टेकली न टेकली अशी. या घराण्यात मात्र त्या रेघेची चांगली चौकोनी, जाडजूड पट्टी झालेली असते, जवळजवळ अक्षराच्या अंगाएवढीच. छपाईच्या धंद्यात या पट्टीला स्लॅब सेरिफ म्हणतात आणि घराण्यालाही तेच नाव आहे. एरवी फुंकर मारली तर उडून जाईल असे वाटणारे 'आय' हे काडीपैलवान अक्षरसुद्धा येथे डोक्यावर एक आणि पायाखाली एक अशा दोन पट्ट्या घेऊन इतके ऐसपैस होते, की त्याला उठवायचे तर दोनदा विनंती करावी लागेल. अशी ही भरदार, सुखवस्तू, किंचित आवाज चढवून बोलणारी मंडळी. त्यांच्याकडे पाहिले की मला नेहमी वाटते, यांचे जेवण नुकतेच झालेले आहे आणि आता ती कुणाला तरी सल्ला देणार आहेत.

अलीकडे ही मंडळी जिथे जावे तिथे भेटतात, पण भेटतात ती पार खंगलेल्या अवस्थेत. कॉफीच्या दुकानाची पाटी, दाढीच्या तेलाची बाटली, जीन्सच्या कमरेवरचे चामड्याचे लेबल, बर्गर गुंडाळलेला तपकिरी कागद, सगळीकडे तीच जाड पट्ट्यांची अक्षरे. आणि प्रत्येकाच्या अंगावर ओरखडे, पोचे, शाई न लागल्याचे पांढरे ठिपके, कुठे कोपरा उडालेला, कुठे लाकडाच्या रेषा वर आलेल्या. पुण्या-मुंबईत एखाद्या नव्या कॅफेत शिरावे, तर दारावर शंभर पावसाळे सोसलेल्या अक्षरांत लिहिलेले असते : 'स्थापना २०१९'. त्यातला शेवटचा नऊ तर इतका थकलेला असतो, की त्याला हाताला धरून आत न्यावे. आपण नकळत जरा अदबीने पायरी चढतो. गल्ल्यावरचा मालक पंचविशीतला, तरतरीत, कानात बाळी घातलेला असतो. पाटी दिसते त्याच्या पणजोबांच्या वयाची आणि असते त्याच्या धाकट्या भाच्यापेक्षाही लहान. पाटीमागचे फळकूटही फळकूट नसते, लाकडाचा फोटो छापलेला फ्लेक्स असतो. त्याला बोटाने टकटक करून बघण्याची माझी सवय घरच्यांना आवडत नाही.

हे म्हातारपण विकत मिळते. संगणकावर त्याची फाइल उतरवून घ्यायची, एक कळ दाबायची, की जन्मतःच जर्जर झालेले अक्षर पडद्यावर हजर. ओरखडे आत भरलेलेच असतात. ग्राहकाला काही सोसावे लागत नाही. अडचण येते ती एकच अक्षर शब्दात दोनदा आले की. कॉफी या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगात दोन 'एफ' आणि दोन 'ई' अगदी खेटून बसतात. पाटी जरा निरखून पाहावी : पहिल्या 'एफ'चा डावा खांदा उडालेला आहे आणि दुसऱ्याचाही डावाच खांदा, तेवढाच, तस्साच उडालेला आहे. पहिल्या 'ई'च्या मधल्या आडव्या रेघेवर मसुराएवढा पांढरा ठिपका आहे आणि दुसऱ्या 'ई'लाही देवाने तोच ठिपका त्याच जागी दिलेला आहे. जत्रेत हरवलेले आणि शेवटच्या रिळात दंडावरच्या खुणेने ओळखू आलेले सिनेमातले भाऊच जणू. फक्त येथे ते कधी हरवलेलेच नसतात. एकदा ही खूण दिसली की कॉफीत लक्ष लागत नाही. समोरचा माणूस महत्त्वाचे काही सांगत असतो आणि मी त्याच्या डोक्यावरच्या पाटीतली जुळी मोजत असतो.

या अक्षरांचा जन्म झाला तेव्हा त्यांच्या अंगावर एकही ओरखडा नव्हता. तो काळ लंडनचा. कारखाने उघडलेले, विकायला माल आलेला, रस्त्यात गर्दी वाढलेली. पुस्तकातले अक्षर माणूस हातात धरून, वीतभर अंतरावरून वाचतो. भिंतीवरचे अक्षर चालता चालता, चिखल चुकवत वाचतो. पुस्तकी अक्षरांना हे ओरडणे जमेना, तेव्हा खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरे, ओतणाऱ्यांनी त्यांना खाऊपिऊ घालून फुगवायला सुरुवात केली. व्हिन्सेंट फिगिन्स या ओतकाराने १८१५च्या सुमारास आपल्या नमुना-पुस्तकात ही चौकोनी पट्ट्यांची अक्षरे दाखवली आणि त्या नवजात बाळाचे नाव ठेवले 'अँटिक'. म्हणजे बारशालाच वार्धक्याची सोय करून ठेवली होती म्हणायची! दुसऱ्या ओतकारांनी त्यांना 'इजिप्शियन' म्हटले. नेपोलियनच्या स्वारीनंतर इंग्लंडात इजिप्तचे वेड शिरले होते, रोझेटा शिळा १८०२पासून लंडनमध्ये येऊन बसली होती, आणि खुर्चीच्या पायापासून दिव्याच्या बैठकीपर्यंत जे काही जड आणि चौकोनी दिसेल ते इजिप्शियन ठरत होते. अक्षरांनी त्याला अपवाद का व्हावे? जाणकारांना अर्थात हा सगळा प्रकार असह्य झाला. हॅन्सार्ड या छपाईपंडिताने १८२५च्या आपल्या ग्रंथात या नव्या लठ्ठ अक्षरांवर भरपूर तोंडसुख घेतले आहे. ज्या अक्षरांना आज आपण अभिजात, घरंदाज, जुन्या वळणाची म्हणून कवटाळतो, ती आली तेव्हा गावात आलेल्या बँडसारखी होती. सभ्य माणसे खिडक्या लावून घेत.

या घराण्याच्या इतिहासात एक लॉटरीही आहे, आणि ती मला फार आवडते. त्या काळी इंग्लंडात सरकारी लॉटरी होती. तिची हस्तपत्रके अशाच धष्टपुष्ट अक्षरांत निघत, कारण 'तीस हजार पौंड' हे शब्द सडपातळ अक्षरांत कुणालाच खरे वाटत नाहीत. जाड अक्षरांचा मोठा ओतकार रॉबर्ट थॉर्न १८२०मध्ये वारला आणि त्याची फाउंड्री लिलावात निघाली. ती घेतली विल्यम थोरोगुड नावाच्या माणसाने, ज्याचा ओतकामाशी काही संबंध नव्हता. पैसा म्हणे त्याला लॉटरीत लागला होता. अक्षरांनी लॉटरी खपवली, लॉटरीने अक्षरे विकत घेतली. पुढे या थोरोगुडला भागीदार मिळाला रॉबर्ट बेस्ली. त्यांच्या फाउंड्रीतून १८४५मध्ये 'क्लॅरेंडन' नावाचे अक्षर बाहेर पडले. पोलादी ठसे कोरले होते बेंजामिन फॉक्सने. क्लॅरेंडनने घराण्याला थोडे वळण लावले. पट्ट्या होत्याच, पण त्या अक्षराच्या अंगाला हलक्या गोलाईने जोडल्या गेल्या. शब्दकोशात मूळ शब्द जाड आणि त्याचा अर्थ बारीक, ही जी सोय आपण गृहीत धरतो, ती रुळवण्यात या अक्षराचा मोठा हात आहे. बेस्लीने त्या वेळच्या नव्या कायद्याखाली त्याची नोंदणी केली आणि त्याला तीन वर्षांचे संरक्षण मिळाले. तीन वर्षे संपली आणि साऱ्या इंग्लंडातल्या ओतकारांनी क्लॅरेंडनची नक्कल करायला घेतली. बेस्लीने बरीच आदळआपट केली म्हणतात. नंतर १८६९मध्ये तो लंडनचा लॉर्ड मेयर झाला, तेव्हा राग निवळला असावा.

ओरखड्यांची खरी गोष्ट सुरू होते समुद्रापलीकडे. वीतभर उंचीचे अक्षर शिशात ओतायचे म्हणजे वजन फार, किंमत फार, आणि थंड होताना पृष्ठभाग सपाट राहील याची खात्री नाही. न्यूयॉर्कच्या डेरियस वेल्सने १८२७मध्ये लाकूड कोरण्याचे फिरते यंत्र काढले आणि पुढच्याच वर्षी लाकडी अक्षरांचे नमुना-पुस्तक छापले. १८३४मध्ये विल्यम लेव्हनवर्थने त्या यंत्राला पँटोग्राफ जोडला. एकदा मोठा नमुना कापून ठेवला, की हाताने त्याच्या कडेकडेने काटा फिरवायचा आणि तिकडे लाकडात हव्या त्या आकाराचे अक्षर उतरायचे. लाकूड मेपलचे, तेही आडवे कापलेले, म्हणजे रेषांची टोके वर येतील असे. त्यावर हजारो कागद दाबले तरी ते सहजी दबत नाही. मग अमेरिकेच्या गावोगावी छापखाने झाले आणि प्रत्येक छापखान्यात लाकडी अक्षरांचे खण आले. सर्कस आली, लिलाव निघाला, बोट सुटणार, घोडा चोरीला गेला, प्रत्येक गोष्टीला कागद भिंतीवर लागू लागला. ओळीची रुंदी भरायची म्हणून 'सर्कस' हा आखूड शब्द फैलावलेल्या अक्षरांत बसवायचा आणि सर्कशीच्या मालकाचे लांबलचक नाव चिंचोळ्या अक्षरांत कोंबायचे. एकाच कागदावर सात जातींची अक्षरे येत ती पुष्कळदा या गरजेपोटी. आजचा डिझायनर तसाच सात जातींचा मेळ एक दिवस खपून जमवतो आणि त्याला शैली म्हणतो. तेव्हाचा अक्षरे जुळवणारा जुळारी तो जेवणाच्या सुट्टीआधी जमवून हात धुवायला जाई.

पुढे याच कुळात 'फ्रेंच क्लॅरेंडन' नावाची एक शाखा फुटली, तिचे पाय आणि डोके अंगापेक्षाही जाड. मध्ये कंबर बारीक आणि वरखाली मोठाले ठोकळे. काउबॉयच्या सिनेमात दारूच्या गुत्त्यावर आणि 'पकडून द्या'च्या कागदावर जे अक्षर असते ते हेच. बघणाऱ्याला पिस्तूल दिसण्याआधी हे अक्षर दिसते आणि धूळ, घोडे, पाठमोरा शेरीफ आपोआप उभे राहतात. खऱ्या कागदांना असले नाटक परवडत नसे. लिंकनच्या मारेकऱ्यांसाठी अमेरिकेच्या युद्धखात्याने एप्रिल १८६५मध्ये काढलेल्या पत्रकावर १,००,००० डॉलरचा आकडा वरच्या बाजूला, सगळ्यांत मोठा आहे. खाली मजकूर दाटीवाटीने. खुनाच्या बातमीपेक्षा रक्कम आधी वाचली जाते, हे जुळाऱ्याला ठाऊक होते.

ही लाकडी अक्षरे झिजली ती अशी कामे करता करता. लोखंडी चौकटीत ठोकून बसवताना त्यांचे कोपरे गेले. घाईत खणात फेकताना एकमेकांवर आपटून पोचे आले. दमट हवेत लाकूड फुगले, स्टोव्हजवळ सुकून तडकले. शाई रेषांत वाळून बसली. एखादे 'ई' फार वापरात, म्हणून ते इतरांपेक्षा केसभर खाली गेले आणि छापताना त्याच्या पोटात पांढरे राहू लागले. 'झेड' मात्र चाळीस वर्षांनीही कोवळे, कारण त्याला बोलावतोच कोण? खऱ्या जुन्या संचातली झीज अशी विषम असते, कष्टांच्या हिशेबाने वाटलेली. विकतच्या फॉन्टमध्ये 'झेड'सुद्धा 'ई'इतकेच रापलेले असते. आयुष्यभर गादीवर बसून काढलेल्या माणसाने स्वातंत्र्यलढ्याच्या गोष्टी सांगाव्यात, तसे ते 'झेड' मला दिसते.

आणि ही झीज छापणाऱ्याची लाज होती. लहानपणी आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक छापखाना होता, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके छापणारा. पायाने मारायचे ट्रेडल मशीन, शिशाचे खिळे, आणि दुकानांच्या नावांसाठी थोडी लाकडी इंग्रजी अक्षरे. प्रेसवाल्या काकांचा निम्मा जीव त्या अक्षरांची म्हातारपणे झाकण्यात जाई. पहिला कागद निघाला की तो खिडकीपाशी धरून ते एका डोळ्याने बघत. कुठले अक्षर फिके उठले ते हेरत. मग सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद नखाएवढा फाडून त्या अक्षराच्या बुडाशी ठेवत, की ते केसभर वर येई. पुन्हा एक कागद, पुन्हा खिडकी, आणखी एक चांदीचा तुकडा. उडालेल्या कोपऱ्यावर मेणही लावलेले मी पाहिले आहे. सगळे मनासारखे उठले की ते कागद माझ्यापुढे धरत आणि विचारत, "ओळख बघू, मोडका 'आर' कुठला?" मी खूप शोधल्याचे दाखवून नाही म्हटले की म्हणत, "मग झालं तर. जा, खेळ जा." सिगारेट ते स्वतः ओढत नसत, पाकिटे समोरच्या पानवाल्याकडून येत. त्या काकांना आज कुणी सांगितले की मोडका 'आर' मुद्दाम मोडका दिसावा म्हणून लोक पैसे मोजतात, तर त्यांनी चष्मा काढून सांगणाऱ्याकडे बघितले असते आणि बिल आगाऊ मागितले असते.

या घराण्याची दुसरी पाती टाइपरायटरमध्ये गेली. टाइपरायटरवर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा. 'एम' आणि 'आय' यांना एकाच मापाची खोली मिळालेली, त्यामुळे 'एम' अंग चोरून राहते आणि 'आय'ला ती खोली भरून काढण्यासाठी लांब पट्ट्या पसराव्या लागतात. आयबीएमसाठी हॉवर्ड केटलरने १९५०च्या दशकात आखलेले 'कूरियर' हे त्यातले सगळ्यांत प्रसिद्ध. आपल्याकडे गोदरेजने १९५५मध्ये टाइपरायटर काढला आणि मग कोर्टाबाहेरच्या झाडाखालची टेबले, टायपिंग इन्स्टिट्यूटचे जिने आणि कचेऱ्यांचे पोटमाळे हीच अक्षरे बडवू लागले. प्रतिज्ञापत्रे, बदलीचे अर्ज, घरमालकाला नोटीस, सगळे दुःख याच पट्ट्यापट्ट्यांच्या अक्षरांत. यंत्र जुने झाले की 'ई', 'ओ', 'ए' यांची पोटे रिबिनीच्या शाईने भरत आणि टाचणीने टोकरून साफ करावी लागत. एखादे अक्षर कायमचे अर्धी पायरी वर उडी मारी. कचेरीतल्या मुरलेल्या माणसाला नुसता कागद बघून कळे, हे पत्र कुणाच्या टेबलावरून आले. शेरलॉक होम्सच्या १८९१मधल्या एका कथेत गुन्हेगार अशाच झिजेने सापडतो. पत्रे टाइप केलेली, सहीसुद्धा टाइप केलेली, हस्ताक्षराचा मागमूस नाही. पण 'ई' किंचित लिबलिबीत आणि 'आर'च्या शेपटीत खोट. होम्सचे म्हणणे असे, की टाइपरायटरलाही माणसाच्या हाताइतकाच स्वभाव असतो, कारण दोन यंत्रे सारखी झिजत नाहीत. आजच्या दुकानातला फॉन्ट होम्सच्या हाती दिला, तर तो पाइप ओढत नुसता बसून राहील. जगातल्या सगळ्या 'आर'च्या शेपटीत एकच खोट. पकडणार कुणाला?

फॉन्ट करणाऱ्यांनाही हे कळत नव्हते असे नाही. तीही छपाईवर जीव असलेली माणसे. १९८९-९०च्या सुमारास नेदरलँड्सच्या युस्ट फान रोसम आणि एरिक फान ब्लोकलांड या दोघा तरुणांनी 'बेओवुल्फ' नावाचा फॉन्ट केला. तो छापताना अक्षरांच्या कडा दर वेळी आपोआप वेगळ्या पडत, एकच 'ए' दोनदा सारखा येत नसे. पुढे फान ब्लोकलांडने १९९१मध्ये 'ट्रिक्सी' काढला, खऱ्या टाइपरायटरच्या मळक्या, फुटलेल्या अक्षरांवरून. 'एक्स-फाइल्स' या मालिकेच्या नावात तो पाहिलेला पुष्कळांना आठवेल. आता तर चांगल्या फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराच्या दोन-तीन जखमी आवृत्त्या ठेवलेल्या असतात. शब्दात दुसरा 'एफ' आला की फाइल आपण होऊन वेगळ्या ठिकाणी जखम असलेला 'एफ' पुढे करते. ते काम कसे चालते हे मला कल्पनेने बघायला फार आवडते. जुने लाकडी अक्षर आणायचे, त्यावर शाई लावून पन्नास ठसे घ्यायचे, स्कॅन करायचे आणि मग पडद्यासमोर बसून निवड करायची : हा ओरखडा छान आहे, हा राहू दे, हा जरा अती वाटतो, याच्या पोटातला ठिपका चुकल्यासारखा दिसतो, पुसून टाका. म्हणजे खऱ्या झिजेतूनही चारचौघांत शोभेल तेवढीच झीज ठेवायची. कुठल्याशा छापखान्यात कुणाच्या हातून चौकटीत अक्षर तिरके ठोकले गेले, कोपरा उडाला, मालक ओरडला असेल. आणि शंभर वर्षांनी तो कोपरा कुणीतरी आठशेपट मोठा करून कौतुकाने न्याहाळतो आहे. त्या ओरडा खाल्लेल्या पोराला हे कळायला हवे होते.

लाकडी अक्षरांचे पुढे काय झाले? नवी यंत्रे आली तेव्हा त्यातली बरीचशी सरळ शेगडीत गेली. वाळलेले मेपल छान जळते. उरली ती काही हट्टी माणसांमुळे. रॉब रॉय केली नावाच्या शिक्षकाने विद्यार्थ्यांसाठी जुनी अक्षरे गोळा करता करता त्यांचा इतिहासच लिहून काढला, १९६९मध्ये. विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्स गावी जे. एडवर्ड हॅमिल्टनने १८८०मध्ये लाकडी अक्षरांचा धंदा काढला होता, त्याने बाकीचे बहुतेक कारखाने गिळले. तिथे आता त्या अक्षरांचे संग्रहालय आहे. नॅशव्हिलचा 'हॅच शो प्रिंट' हा १८७९चा छापखाना तर अजून जुन्याच लाकडांवरून गाण्याच्या कार्यक्रमांची पोस्टरे छापतो. भिंतीवरच्या कागदांचे आयुष्य मुळात दोन-चार दिवसांचे. त्यावर दुसरा कागद चिकटायचा किंवा पाऊस यायचा. पण नशीब कुणाचे कुठे उघडेल सांगता येत नाही. इंग्लंडातल्या रॉचडेल गावी १८४३मध्ये पाब्लो फँकच्या सर्कशीचा खेळ झाला, त्याचे एक पोस्टर कसे कोण जाणे वाचले, आणि १९६७मध्ये जॉन लेननने ते केंटमधल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतले. त्या कागदावरून बीटल्सचे गाणे झाले. फँकच्या जुळाऱ्याने ओळी भरताना फक्त एवढेच बघितले असेल, की घोड्याचे नाव नीट वाचता येते ना.

आपल्या देवनागरीला मात्र हे म्हातारपणाचे सोंग फारसे मानवत नाही. रोमन अक्षराला दहा जखमा केल्या तरी ते तेच राहते. आपल्याकडे शिरोरेषेला एक चीर गेली की एका शब्दाचे दोन होतात, काना झडला की काळाची कळ होते. आणि झिजल्याच्या खुणा म्हणून शिंपडलेला शाईचा एक ठिपका चुकीच्या जागी पडला तर विचारूच नका. 'खोली भाड्याने देणे आहे' या पाटीवरच्या एका ठिपक्याने ती खोली भांड्याने देणे होते. जुन्या छापखान्यांत रफार आणि वेलांट्या नाजूक, खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबणाऱ्या, म्हणून मोडतही फार. आमच्या काकांच्या पावतीपुस्तकांवर गावातल्या 'कीर्तने' आडनावाच्या वकिलांचा रफार कायम उडालेला असे आणि ते बिचारे तो प्रत्येक पावतीवर शाईच्या पेनाने स्वतः लावत बसत.

परदेशात, आणि आता आपल्याकडेही, हौशी मंडळी लग्नपत्रिका पुन्हा खिळ्यांवर छापून घेतात. त्यांची अट एकच असते : ठसा खोल उमटला पाहिजे, बोट फिरवले तर खड्डा लागला पाहिजे. जुन्या कारागिराची सगळी हुशारी याच्या उलट होती. शाई कागदाला लागावी पण कागदाला कळू नये, मागच्या बाजूला काही उठू नये, असा हलका ठसा हा त्याचा मान. खड्डा पडला तर तो शिकाऊ. गुळगुळीत काचेवर दिवसभर बोट घासणाऱ्या पिढीला कुठेतरी खरखर हवी आहे, हे मला समजते, आणि त्याबद्दल मी हसतही नाही. फक्त त्या खड्ड्यासाठी यंत्र दाबून धरणाऱ्या छापणाऱ्याच्या चेहऱ्यावर जो भाव असेल, तो एकदा बघायचा आहे.

माझ्या पुतण्याचा एक टी-शर्ट आहे. छातीवर कुठल्याशा अमेरिकन संघाचे नाव, खाली १९५४ हे साल, अक्षरे अर्थातच जाड पट्ट्यांची आणि कारखान्यातूनच भेगाळून आलेली. नवा आणला तेव्हा वहिनींनी तो दुकानदाराला परत करायला काढला होता, माल जुना आहे म्हणून. तो वाचला आणि मग धुलाई यंत्रात इतक्या वेळा फिरला, उन्हात इतका वाळला, की छपाईचा रबरी थर खरोखरच तडकला. आता त्यावर दोन प्रकारच्या भेगा आहेत : कारखान्याच्या, ज्या दोन्ही 'एस'वर एकाच जागी आहेत, आणि घरच्या, ज्या त्याच्या कोपरांच्या, पोट सुटण्याच्या आणि आमच्याकडच्या खाऱ्या पाण्याच्या हिशेबाने पडल्या आहेत. डाव्या 'एस'ची आणि उजव्या 'एस'ची आता गल्लत होत नाही. चारचे तर फक्त पाय उरले आहेत. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत वहिनींनी तो पंखे पुसायला घेतला, तर पुतण्या धावत आला.

"आई, तो नको, तो व्हिंटेज आहे!"

"अरे, पण आणलास तेव्हाही तू हेच म्हणाला होतास," वहिनी म्हणाल्या, "आता तरी होऊ दे की त्याचं काहीतरी."

पंखे शेवटी दादाच्या जुन्या बनियनने पुसले गेले. टी-शर्ट कपाटात परत गेला आहे, पण वहिनींनी त्यावरची नजर काढलेली नाही. येत्या गुढीपाडव्याला खिडक्यांच्या जाळ्या धुवायच्या आहेत.